मांसासाठीच्या गोपैदाशीत गुणांचा तोल: कोणता गुण किती हवा आणि कुठं थांबायचं

मांसासाठी गोवंश पाळणाऱ्यांकडून गेल्या शतकात एकच चूक दोनदा झाली, तीही उलट्या दिशांनी. १९४० आणि ५० च्या दशकांत अमेरिकेतल्या प्रदर्शनांत ठेंगणी, आखूड पायांची, भरदार जनावरं बक्षिसं मिळवत होती. पैदासकार तशीच जनावरं निवडत गेले आणि हेरफर्ड, अँगस या जातींत खुजी वासरं जन्मू लागली. श्वास घेताना घरघरणारी ही वासरं वाढत नसत, बरीचशी लवकर दगावत. हा दोष सुप्त जनुकामुळं येत होता, आणि तो जनुक वाहणारी जनावरंच नेमकी जास्त आटोपशीर दिसत असल्यानं निवडली जात होती. पुढं त्यावर उतारा म्हणून मोठ्या चणीची निवड सुरू झाली. १९७० आणि ८० च्या दशकांत उंचीचीच शर्यत लागली. गाई उंच झाल्या, पण त्यांना चारा जास्त लागू लागला, कालवडी उशिरा माजावर येऊ लागल्या आणि वासरं जड होऊन गाई अडू लागल्या.

भरदारपणा किंवा उंची हे गुण वाईट नव्हते. कुठं थांबायचं, हे कुणी आधी ठरवलं नव्हतं. माझ्या मते गोपैदाशीतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच आहे. ‘सर्वात जास्त’ आणि ‘पुरेसं’ यांतला फरक प्रत्येक गुणासाठी कागदावर लिहून काढायचा. तो कसा काढायचा, ते पायरी-पायरीनं पाहू.

पहिली पायरी: वासरू कुठं जाणार आणि कळपात कोण राहणार?

या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय वळू बघायला जाऊ नका. वासरं दूध तोडल्याबरोबर विकायची असतील, तर त्या वेळचं वजन आणि विकलेल्या वासरांची संख्या महत्त्वाची. ती पुढं पोसून, कत्तलीच्या वयापर्यंत नेऊन विकायची असतील, तर वर्षभराच्या वयातलं वजन, चाऱ्याचं मांसात रूपांतर आणि मांसाचा दर्जा हेही हिशेबात येतात.

दुसरा प्रश्न त्याहून मोठा आहे. या वळूच्या कालवडी तुम्ही कळपात ठेवणार का? ठेवणार असाल, तर तुम्ही वळू घेत नसून पुढच्या दहा-बारा वर्षांच्या गाई घेत आहात. मग कास, दूध, गर्भधारणा, स्वभाव, खूर, मोठेपणीचं वजन सगळं मोजावं लागेल. त्याची सगळीच वासरं विकली जाणार असतील, तर यातल्या बऱ्याच गोष्टी सोडून देता येतात. पहिल्या प्रकारच्या वळूला मातृगुणांचा वळू आणि दुसऱ्याला अंतिम वळू म्हणू. एकाच वळूकडून दोन्ही कामं उत्तम व्हावीत ही अपेक्षा बहुतेक वेळा महागात पडते.

दुसरी पायरी: चारा आणि हवामान गाईचं माप ठरवतात

मांसाच्या कळपाला वर्षभर लागणाऱ्या ऊर्जेचा अर्ध्याहून बराच मोठा भाग गाईंचं शरीर नुसतं टिकवण्यातच जातो. वाढ, दूध, गर्भ हे त्यानंतर. गाय जितकी मोठी आणि दुधाला जितकी भारी, तितका हा कायमचा खर्च जास्त. जास्त दुधाच्या गाईचं पोट, यकृत, आतडी मोठी असतात, त्यामुळं ती भाकड असतानाही जास्त खाते.

आता वर्षाचं गणित मांडा. गाईचा गाभणकाळ सरासरी २८३ दिवसांचा. वर्षाला एक वासरू हवं तर ३६५ मधून २८३ वजा जाऊन उरतात ८२ दिवस. एवढ्या वेळात गाईनं वार टाकून, गर्भाशय पूर्ववत होऊन, माजावर येऊन पुन्हा गाभण राहायला हवं. याच दिवसांत ती सर्वात जास्त दूधही देत असते. चारा भरपूर नसेल तर आधी दूध तयार होतं आणि माज मागं पडतो. म्हणून तुटपुंज्या कुरणावर जास्त दुधाचा वळू आणणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या रिकाम्या गाई आणणं. पहिलारू तर स्वतः वाढतही असते, तिच्यावर हा भार सर्वात आधी पडतो.

हवामानाचंही तसंच. उष्ण, गोचिडांच्या प्रदेशात अँगस किंवा हेरफर्डची वाढीची क्षमता उष्णतेमुळं आणि परजीवींमुळं दबून जाते. त्यासाठी वशिंडाच्या गोवंशाचं रक्त लागतं. अमेरिकेतली ब्राह्मण जात भारतातून गेलेल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा खोरे या गोवंशांच्या मिश्रणातून उभी राहिली, ती याच गरजेतून. पण या रक्ताचा वाटा वाढत जातो तसं मांस चिवट होत जातं आणि कालवडी उशिरा वयात येतात. टेक्सासमधली सांता गर्ट्रूडिस ही जात ३/८ ब्राह्मण आणि ५/८ शॉर्टहॉर्न या प्रमाणावर स्थिर केली गेली. ‘पुरेसं’ किती, या प्रश्नाला दिलेलं हे एक चांगलं उत्तर आहे.

तिसरी पायरी: कोणता गुण निवडीनं सुधारतो आणि कोणता नाही

कळपातल्या जनावरांमध्ये दिसणाऱ्या फरकाचा किती भाग पुढच्या पिढीत उतरतो, याला आनुवंशिकता म्हणतात. ढोबळ आकडे असे धरा: मांसातली चरबीची जाळी (मार्बलिंग), पाठीवरच्या स्नायूचा आकार, वर्षभराचं वजन, जन्मवजन आणि मोठेपणीचं वजन यांची आनुवंशिकता साधारण ४० टक्क्यांच्या आगेमागे. स्वभावाची त्याहून थोडी कमी. दूध तोडतानाच्या वजनाची २० ते ३० टक्के. गर्भधारणा, वासरू जगण्याची शक्यता अशा गुणांची बहुतेक १० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली.

इथं अनेकांची गफलत होते. प्रजननक्षमता निवडीनं हळू सुधारते, म्हणून ती यादीतून गाळली जाते. पण पैशाच्या हिशेबात रिकामी गाय हे कळपातलं सर्वात मोठं नुकसान असतं. गुण महत्त्वाचाच आहे, फक्त त्याचं हत्यार वेगळं आहे: संकर, खाणं आणि कठोर छाटणी. निसर्गाची इथं एक चांगली सोय आहे. ज्या गुणांची आनुवंशिकता कमी, त्यांच्यात संकरजोम, म्हणजे वेगळ्या जातींच्या संकरातून वासराला मिळणारी जादा सरशी, जास्त दिसतो. मांसाच्या दर्जासारख्या जास्त आनुवंशिकतेच्या गुणांत तो नगण्य असतो. म्हणून वाढ आणि मांस वळूच्या निवडीतून मिळवा, प्रजनन आणि टिकाऊपणा संकरातून.

चौथी पायरी: एकमेकांना ओढणारे गुण ओळखा

ही पायरी सावकाश वाचा. कुठलाही गुण एकटा हलत नाही.

जन्मवजन, दूध तोडतानाचं वजन, वर्षभराचं वजन आणि मोठेपणीचं वजन हे एका माळेतले गुण आहेत. भराभर वाढणारी वासरं निवडत गेलात आणि बाकी काही पाहिलं नाही, तर काही वर्षांत जन्मतानाची वासरं जड होतात, गाई अडतात, आणि आयुष्यभर जास्त खाणाऱ्या मोठ्या गाई उभ्या राहतात. उलट फक्त कमी जन्मवजन निवडत गेलात तर वाढही घटते, आणि फारच लहान वासरं जगायला कमकुवत असतात. मात्र या माळेला अपवाद असतात: हलकं जन्मणारे, वर्षभर झपाट्यानं वाढणारे आणि मध्यम आकारावर थांबणारे वळू. ते थोडे असतात, म्हणूनच शोधण्यासारखे.

स्नायूंचा अतिरेक कुठं नेतो ते बेल्जियन ब्लू जातीत दिसतं. मायोस्टॅटिन नावाचा जनुक स्नायूंच्या वाढीला लगाम घालतो. या जातीत तोच बिघडलेला आहे, हे १९९७ साली सिद्ध झालं. मांस भरपूर आणि कमी चरबीचं मिळतं, पण जाड वासरू आणि अरुंद कटिमार्ग यांमुळं शुद्ध जातीच्या गाई बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनंच मोकळ्या कराव्या लागतात. पिएमाँतेजे जातीतही याच जनुकाचा वेगळा बिघाड आहे. अशा वळूचा उपयोग अंतिम वळू म्हणून, प्रौढ आणि सुखरूप विणाऱ्या गाईंवर होऊ शकतो. मातृकळपात हे रक्त मुरवू नये, असं माझं ठाम मत आहे.

चरबीबाबतही ताण आहे. हाडामागं जास्त लाल मांस आणि मांसात चांगली चरबीची जाळी, या दोन गोष्टी थोड्या परस्परविरोधी आहेत. शिवाय फार कमी चरबीच्या वळूच्या मुली उशिरा माजावर येतात आणि टंचाईच्या काळात त्यांच्या अंगावर साठा नसतो.

चाऱ्याच्या कार्यक्षमतेत एक सापळा आहे. ‘एक किलो वाढीला किती किलो चारा’ या प्रमाणावर निवड केली, की नकळत वेगानं वाढणारी, म्हणजेच पुढं मोठी होणारी जनावरं निवडली जातात. त्यापेक्षा जनावराच्या वजन आणि वाढीवरून अपेक्षित चारा काढून, प्रत्यक्षात त्यानं त्याहून कमी खाल्ला की जास्त, हे पाहणं बरं. त्यासाठी प्रत्येक जनावराचा चारा वेगळा मोजावा लागतो, त्यामुळं हे काम मोठ्या पैदास केंद्रांचं आहे.

काही गुण मात्र एकमेकांना हात देतात. ज्या वळूचा अंडकोषाचा घेर मोठा, त्याच्या बहिणी आणि मुली साधारणपणे लवकर वयात येतात. हा घेर मोजायला सोपा, आनुवंशिकता चांगली, आणि त्यातून कालवडींच्या प्रजननाला हळूच आधार मिळतो.

पाचवी पायरी: नोंदी, त्याही तुलना करण्याजोग्या

जन्मतारीख, आई, बाप, जन्मवजन, विताना मदत लागली का, दूध तोडतानाचं वजन, गाय पुन्हा गाभण राहिली का, आणि कळपातून गेली तर का गेली. एवढं नेमानं लिहिलं तरी पुरेसं.

वजनांची तुलना करण्यापूर्वी ती समान वयावर आणा. प्रचलित पद्धत २०५ दिवसांची. समजा वासरू ३५ किलोचं जन्मलं आणि १९० व्या दिवशी २०६ किलो भरलं. वाढ १७१ किलो, म्हणजे दिवसाला ०.९ किलो. त्याला २०५ नं गुणून जन्मवजन मिळवलं की २१९.५ किलो येतात. त्यात आईच्या वयानुसार भर घालायची, कारण पहिलारूचं वासरू दुधामुळं मागं पडतं, आणि नर-मादी वेगळे ठेवायचे.

तुलना एका गटातच करा: एकाच हंगामात जन्मलेली, एकाच कुरणावर, सारखं खाणं मिळालेली वासरं. वेगळा खुराक देऊन फुगवलेलं वासरू या गटात आणलं की सगळ्या नोंदी बिघडतात.

सहावी पायरी: वळूचे आकडे वाचणं

नोंदणीकृत वळूंसोबत ईपीडी किंवा ईबीव्ही असे आकडे मिळतात. ईबीव्ही म्हणजे जनावराचं अंदाजित पैदासमूल्य. ईपीडी म्हणजे त्याच्या वासरांत दिसणारा अपेक्षित फरक; तो त्याच्या निम्मा असतो, कारण वासरात बापाचं अर्धंच रक्त येतं. एका वळूचा दूध तोडतानाच्या वजनाचा ईपीडी +३० आणि दुसऱ्याचा +२० असेल, तर सारख्या गाईंवर पहिल्याची वासरं सरासरी १० एकक जड भरतील एवढाच त्याचा अर्थ. आकडा तुलनेसाठी आहे, वासराचं वजन सांगण्यासाठी नाही. आणि दोन वेगळ्या जातींच्या तक्त्यांतले आकडे थेट शेजारी ठेवू नका, त्यांचे पाये वेगळे असतात.

प्रत्येक आकड्यासोबत विश्वासार्हता दिलेली असते. तरुण वळूची कमी, शेकडो वासरं झालेल्या वळूची खूप जास्त. जनुकीय चाचणी केलेली असेल तर तरुण वळूचाही अंदाज बराच पक्का होतो. कमी विश्वासार्हतेचे दोन-तीन तरुण वळू थोड्या थोड्या गाईंवर वापरणं हे एकाच वळूवर सगळा कळप सोपवण्यापेक्षा सुरक्षित.

एक बारीक गोष्ट, जी जाणकारही विसरतात. सुलभ विण्याचा आकडा उपलब्ध असेल, तर जन्मवजनाच्या आकड्यावर वेगळी निवड करू नका. सुलभ विण्याच्या आकड्यात जन्मवजन आधीच मोजलेलं असतं. दोन्हींवर निवड केली की एकाच गुणाला दुप्पट वजन मिळतं, आणि त्याची किंमत वाढीच्या रूपात मोजावी लागते.

सातवी पायरी: किमान पातळी आणि गुणभार

एकाच वेळी जितके जास्त गुण धराल, तितकी प्रत्येकातली प्रगती मंदावते. गुण एकमेकांशी संबंधित नसतील आणि सारखेच महत्त्वाचे असतील, तर प्रत्येकातली प्रगती गुणसंख्येच्या वर्गमुळानं घटते. चार गुण धरले तर साधारण निम्मी. म्हणून पैशावर खरोखर परिणाम करणारे तीन-चार गुण निवडा. बाकीच्यांना फक्त किमान पातळी लावा: स्वभाव, खूर, कास यांत वळू पातळीवर आहे ना? मग पुढं आणखी सुधारणेच्या मागं लागू नका.

निवडलेल्या गुणांसाठी निर्देशांक काढा, म्हणजे प्रत्येक गुणाला त्याच्या महत्त्वाप्रमाणं भार देऊन सगळ्यांची मिळून एकच बेरीज. १९४३ साली अमेरिकी पैदासशास्त्रज्ञ हेझल यांनी या पद्धतीचा पाया घातला, आणि त्याआधी त्याच क्षेत्रातल्या लश यांच्यासोबत दाखवलं होतं की एका वेळी एक गुण सुधारत जाण्यापेक्षा किंवा प्रत्येक गुणाला वेगळी चाळणी लावण्यापेक्षा निर्देशांक जास्त परिणामकारक ठरतो. प्रत्येक गुण एका एककानं सुधारला तर तुमच्या कळपाला किती फायदा, हा त्याचा गुणभार.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कालवडी ठेवायच्या आहेत. सुलभ विण्याच्या दर टक्क्याला ३ अंक, दूध तोडतानाच्या वजनाच्या दर किलोला १ अंक, आणि गाईच्या मोठेपणीच्या वजनात वाढणाऱ्या दर किलोला ०.४ अंक वजा.

वळू ‘क’: सुलभ विणे +२, वजन +३०, मोठेपणीचं वजन +५०. एकूण ६ + ३० − २० = १६.
वळू ‘ख’: +६, +२०, +१०. एकूण १८ + २० − ४ = ३४.
वळू ‘ग’: −४, +४२, +७०. एकूण −१२ + ४२ − २८ = २.

वजनात सर्वात पुढचा ‘ग’ इथं तळाला गेला. आता हेच वळू अंतिम वळू म्हणून पाहा: फक्त प्रौढ गाईंवर वापर, एकही कालवड ठेवायची नाही. सुलभ विण्याचा भार १ वर येतो, मोठेपणीच्या वजनाचा शून्यावर. मग ‘क’ ३२, ‘ख’ २६ आणि ‘ग’ ३८. क्रम अगदी उलटा झाला. वळू तेच, आकडे तेच. म्हणूनच दुसऱ्याच्या कळपासाठी बनवलेला तयार निर्देशांक डोळे झाकून घेऊ नका. तो कालवडी ठेवणाऱ्यांसाठी आहे की नाही, हे आधी पाहा.

आठवी पायरी: कागद बाजूला ठेवून वळू बघा

आकडे चांगले असूनही वळू कामाचा नसू शकतो. पशुवैद्यकाकडून प्रजननयोग्यतेची तपासणी करून घ्या. प्रचलित निकषांनुसार १५ महिन्यांपर्यंतच्या वळूच्या अंडकोषाचा घेर किमान ३० सेंटीमीटर आणि दोन वर्षांवरच्याचा ३४ सेंटीमीटर हवा; किमान ३० टक्के शुक्राणू पुढं धावणारे आणि ७० टक्के निर्दोष आकाराचे हवेत. मागचे पाय फार सरळ किंवा फार वाकडे नकोत, खूर सारखे हवेत, चाल मोकळी हवी. माणूस जवळ येताच बिथरणारा वळू आकडे कितीही चांगले असले तरी नाकारा. स्वभाव वासरांत उतरतो, बिथरणारी वासरं कमी वाढतात, आणि माणसं जखमी होतात.

नववी पायरी: संकराची आखणी

अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या क्ले सेंटर इथल्या मांसजनावर संशोधन केंद्रात अनेक दशकं चाललेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झालं की संकराचा मोठा फायदा संकरित गाईतून येतो. ती लवकर गाभण राहते, जास्त वर्षं टिकते, वासरू जास्त जगवते. नुसतं वासरू संकरित असून हा फायदा मिळत नाही.

दोन जातींचे वळू आळीपाळीनं वापरले तर कालांतराने पूर्ण संकरजोमाचा ६७ टक्के भाग टिकतो, तीन जातींत ८६ टक्के. मात्र तीन जाती सांभाळायला कुरणं, कुंपणं आणि शिस्त लागते. लहान कळपाला सोपा मार्ग म्हणजे आधीच तयार केलेल्या मिश्र जातीचे वळू, किंवा संकरित कालवडी बाहेरून घेऊन त्यांच्यावर अंतिम वळू.

जातींची निवड पूरक गुणांवर करा. सारख्याच मोठ्या, सारख्याच दुधाळ दोन जाती एकत्र आणल्या तर जोम मिळेल, पण गाय चाऱ्याच्या मापाबाहेर जाईल.

वंशावळ तपासायला विसरू नका. बाप-मुलीच्या संबंधातून झालेल्या वासरात अंतःप्रजननाचं प्रमाण २५ टक्के येतं, आणि त्याचा पहिला फटका प्रजनन आणि वासराच्या जगण्याला बसतो. सुप्त दोषाचा एक वाहक वळू मोठ्या प्रमाणावर वापरला गेला की काय होतं, हे अँगस जातीत २००८ मध्ये दिसलं: सांधे आखडलेली, पाठ वाकलेली वासरं मृत जन्मत होती. दोन्ही पालक वाहक असतील तर चारात एक वासरू बाधित होण्याची शक्यता असते. आता यासाठी जनुकीय चाचण्या आहेत. वाहक वळू घ्यायचाच असेल तर तपासलेल्या, निर्दोष गाईंवर वापरा, आणि कळपात ठेवण्याच्या कालवडींचीही चाचणी करा.

दहावी पायरी: कालवडी ठेवणं आणि गाई काढणं

हंगामात आधी जन्मलेल्या कालवडी ठेवा. त्या मोठ्या असतात म्हणून नुसतं नाही. त्यांच्या आया लवकर गाभण राहिल्या होत्या. दोन वर्षांच्या वयात विणं हवं असेल तर १४-१५ महिन्यांना फळवावं लागतं, आणि तोवर प्रौढ वजनाच्या साधारण ६० ते ६५ टक्के वजन गाठलेलं असावं. त्यांच्यासाठी सुलभ विण्याचाच वळू वापरा, वाढीचा हव्यास इथं नको. फळवणीचा काळ दीड महिन्याचा ठेवा आणि न राहिलेल्या काढून टाका. कालवड दिसायला देखणी म्हणून तिला आणखी एक संधी देण्याचा मोह होतो. तिची जागा गाभण राहिलेलीला द्या.

विताना शरीर गुणांकन (अंगावरची चरबी पाहून दिलेला अंक) ९ पैकी ५ असावं, पहिलारूचं ६. याखाली गाई जात असतील, तर वळू बदलण्याआधी चारा तपासा. आणि चारा आहे तेवढाच राहणार असेल, तर पुढचा वळू कमी दुधाचा आणि लहान चणीचा घ्या.

अकरावी पायरी: वळू बदलताना मागं वळून पाहा

आज सोडलेल्या वळूच्या मुलीचं पहिलं वासरू दूध तोडायला येईपर्यंत साडेतीन वर्षांच्या आसपास जातात. तोवर तुम्ही पुढचा वळू घेतलेला असतो. कळपातल्याच कालवडी ठेवत असाल, तर शेवटच्या तीन वळूंकडून कळपाचं ८७.५ टक्के रक्त येतं: ५०, २५ आणि १२.५. म्हणून दरवेळी उलट दिशेचा वळू आणून दुरुस्ती करू नका. मोठा वळू, मग लहान, मग पुन्हा मोठा, असं केलं की तीन प्रकारच्या गाई आणि तीन आकारांची वासरं एका कुरणावर उभी राहतात.

दरवर्षी तीन गोष्टी पाहा: फळवणीला सोडलेल्या दर गाईमागं दूध तोडेपर्यंत किती किलो वासरू मिळालं, किती गाई रिकाम्या राहिल्या, आणि किती वितींत हात घालावा लागला. पहिला आकडा वाढतोय आणि बाकीचे दोन वाढत नाहीत, तर दिशा बरोबर आहे, त्याच प्रकारचा वळू पुन्हा घ्या. पहिल्याबरोबर दुसराही वाढत असेल तर वाढ किंवा दूध चाऱ्याच्या पलीकडं गेलंय. गुणभाराच्या तक्त्यात मोठेपणीच्या वजनाची वजाबाकी वाढवा आणि पुढच्या वळूची यादी त्या तक्त्यावर नव्यानं लावा.